बाहुलीसाठी १२० तास : नाट्यशास्त्र अभ्यास मंडळांना खुले पत्र

प्रति,
सन्माननीय अध्यक्ष व सदस्य,
नाट्यशास्त्र अभ्यास मंडळे,
महाराष्ट्र व गोव्यातील विद्यापीठे आणि नाट्यप्रशिक्षण संस्था

विषय : बाहुलीनाट्य व वस्तुनाट्य हा विषय पूर्ण प्रात्यक्षिक स्वरूपात शिकवण्याबाबत

स. न. वि. वि.

गेल्या वर्षी एका नाट्यविभागात बहिःस्थ परीक्षक म्हणून गेले होते. तोंडी परीक्षा होती. एक मुलगी समोर येऊन बसली. तयारीची होती. बाहुल्यांचे प्रकार विचारले तर न अडखळता सांगितले: सूत्रबाहुली, हातमोजा, काठीबाहुली, छायाबाहुली. राजस्थानची कठपुतळी, बंगालचा पुतुल नाच, आंध्रची तोलू बोम्मलाटा, आपली कळसूत्री. तमिळनाडूच्या बोम्मलाट्टममध्ये दोरे कलाकाराच्या डोक्यावरच्या लोखंडी कड्याला बांधलेले असतात, हेसुद्धा तिला ठाऊक होतं. एकही उत्तर चुकलं नाही.

माझ्या पिशवीत एक साधी कापडी हातमोजा बाहुली होती. ती काढून मी तिच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, जरा घाल हातात. तिनं बाहुली दोन्ही हातांनी उचलली, आत कुठं काय घालायचं ते चाचपत राहिली, मग दोन बोटं मानेत कोंबली. बाहुली छताकडं बघत उताणी राहिली. "मॅडम, बरोबर आहे का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, तर्जनी एकटी मानेत, अंगठा एका हातात, मधलं बोट दुसऱ्या हातात, आणि आता मनगट थोडं पुढं झुकव. तिनं मनगट झुकवलं आणि बाहुलीनं थेट तिच्याकडं बघितलं. ती मुलगी मोठ्यानं हसली. तिच्या हसण्यानं हात हलला आणि बाहुलीही हसायला लागली. त्या खोलीतल्या आम्हा तिघांनाही ते दिसलं.

दोन सत्रं बाहुलीनाट्य हा विषय शिकलेल्या त्या मुलीच्या हातात त्या दिवशी पहिल्यांदा बाहुली आली होती. दोष तिचा नव्हता. शिकवणाऱ्या प्राध्यापकांचाही नव्हता, कारण त्यांच्याकडं आठवड्याला दोन तासिका, एक फळा आणि एक प्रोजेक्टर एवढंच होतं. मी गुण दिले ते ठरलेल्या तक्त्याप्रमाणं. पण घरी परतताना मन शांत नव्हतं, आणि तेव्हापासून हे पत्र डोक्यात आहे.

मी बावीस वर्षं बाहुल्या करते आणि चालवते. शाळांत, वस्त्यांत, नाट्यगृहांत खेळ केले आहेत. अनेक विभागांत पाहुणी म्हणून दोन-दोन दिवसांच्या कार्यशाळा घेतल्या आहेत. नव्या शैक्षणिक धोरणामुळं सगळीकडं अभ्यासक्रमांची फेरमांडणी चालू आहे, म्हणून आत्ताच लिहिते आहे. माझी मागणी एकच आहे: बाहुलीनाट्य आणि वस्तुनाट्य, म्हणजे रोजच्या वापरातल्या वस्तू घेऊन केलेलं नाटक, शिकवायचं असेल, तर चार क्रेडिटचा संपूर्ण प्रात्यक्षिक विषय म्हणून शिकवा. प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला तीस तास धरले जातात, म्हणजे एकूण १२० तास. ते तास सलग द्या. आठवड्यातला एक अख्खा दिवस, आठ तास, पंधरा आठवडे. आणि हे तास हाताला द्या.

'हाताला' म्हणते त्याचा अर्थ पहिल्या दिवशीच्या एका सरावावरून सांगते.

खाकी कागदाचा एक मोठा ताव घ्यायचा. चुरगाळून मऊ करायचा. एका टोकाला डोकं, मग पिळून मान, खाली धड, दोन हात, दोन पाय. सुतळीनं सैल बांधायचं. डोळे नाहीत, तोंड नाही. तीन मुलं एका बाहुलीवर. एकाकडं डोकं आणि एक हात, दुसऱ्याकडं दुसरा हात आणि कंबर, तिसऱ्याकडं पाय. मग मी सांगते, पुढची वीस मिनिटं या माणसानं फक्त श्वास घ्यायचा आहे. चालायचं नाही, हात हलवायचे नाहीत.

पहिली पाच मिनिटं मुलं हसतात. मग कंटाळतात. दहाव्या मिनिटाला कागदाची छाती धापा टाकल्यासारखी वर-खाली होत असते, कारण तिघांचे श्वास वेगवेगळे आहेत. बोलायला बंदी आहे. हळूहळू डोकं धरणाऱ्याच्या नाकातला आवाज बाकी दोघं ऐकायला लागतात. पंधराव्या-सोळाव्या मिनिटाला तिघांचा श्वास एक होतो, आणि टेबलावर कुणीतरी झोपलेलं असतं. वर्ग गप्प होतो. मी हा सराव शेकडो वेळा घेतला असेल, तरी तो क्षण आला की अंगावर काटा येतो.

त्यानंतर शिकवायला सोपं जातं. टेबल ही त्याची जमीन, पाय तिथून दोन बोटंही वर उचलले तर तो माणूस तरंगायला लागतो आणि प्रेक्षकाचा विश्वास उडतो. वजन दाखवायचं ते बसताना: आधी कंबर, मग पाठ, शेवटी मान. आणि सगळ्यात अवघड म्हणजे नजर. चालवणाऱ्यांनी बाहुलीकडंच बघायचं. तीन जोड डोळे तिच्याकडं असतील तर प्रेक्षकाचेही तिच्याकडंच जातात. एकानं जरी मान वर करून प्रेक्षकाकडं बघितलं तर त्या क्षणी तो कागदी माणूस पुन्हा नुसता कागद होतो.

जपानच्या बुनराकू या पारंपरिक बाहुलीनाट्यात एक बाहुली तीन माणसं चालवतात: मुख्य कलाकाराकडं डोकं आणि उजवा हात, दुसऱ्याकडं डावा हात, तिसऱ्याकडं पाय. पायाला दहा वर्षं, डाव्या हाताला दहा वर्षं आणि मग डोकं, असं तिथं परंपरेनं सांगतात. केपटाऊनच्या हँडस्प्रिंग कंपनीनं २००७ साली लंडनच्या नॅशनल थिएटरसाठी वेताच्या सांगाड्याचा घोडा केला, तोही तीन माणसांचा. आतली माणसं गुडघ्यांतून किंचित वर-खाली होत त्याचा श्वास चालवतात, आणि हजारभर माणसं त्या वेताकडं जिवंत जनावर म्हणून बघतात. ही दोन उदाहरणं आपल्या अभ्यासपत्रिकेत टिपणीसाठी येतात. पण ज्या मुलानं वीस मिनिटं कागदाला श्वास दिला आहे, त्याला ती वाचताना काय कळतं आणि ज्यानं दिला नाही त्याला काय कळतं, यातलं अंतर फार मोठं आहे.

चित्रफिती दाखवून भागेल असं काही जण सुचवतात. मीही दाखवते. पण चित्रफितीत बाहुलीची पुढची बाजू दिसते. हात दिसत नाही. दिसला तरी त्याला किती वजन पेलावं लागतंय, हातमोजा बाहुली डोक्याच्या वर धरून पंधरा मिनिटं खेळ केला की खांदा कसा भरून येतो, तरीही बाहुलीचं डोकं एक इंचही खाली घसरू द्यायचं नाही म्हणजे काय, हे पडद्यावरून कळत नाही.

आता वस्तुनाट्याविषयी. हा शब्द अजून अनेक ठिकाणी अभ्यासक्रमात नीट उलगडलेला दिसत नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. १९८० च्या सुमारास फ्रान्समधल्या काही छोट्या नाटकमंडळींनी हे नाव वापरात आणलं. वस्तूला बाहुलीसारखं सजवायचं नाही, तिला डोळे लावायचे नाहीत, तिचा आकार बदलायचा नाही. ती जी आहे तीच राहू द्यायची आणि तिच्या वापरातून, झिजेतून, आठवणीतून गोष्ट उभी करायची. चालवणारा लपत नाही. तो टेबलाशी बसलेला सगळ्यांना दिसतो.

नाव फ्रान्सचं असलं तरी ही रीत आपल्याला परकी नाही. भातुकली खेळताना आपण हेच केलं आहे. दिवाळीच्या किल्ल्यावर मातीचा मावळा पहाऱ्याला उभा करताना हेच केलं आहे. उभ्याच्या गौरी बसवणाऱ्या बायका लोखंडी स्टँड, धान्यानं भरलेलं पोट, मुखवटा आणि निऱ्या यांतून दर वर्षी माहेरवाशीण उभी करतात. खांद्यावरचा पदर कसा पडला की ती ताठ वाटते आणि कसा पडला की दमून आलेली वाटते, हे त्यांच्या हातांना माहीत असतं. शेतातलं बुजगावणं लांबून माणूस का वाटतं, याचा अभ्यास कुणीतरी शेतकऱ्यानं काठी रोवतानाच केलेला असतो. आपल्या मुलांकडं हे धन आहे. त्यांना ते वर्गात आणायची परवानगी मात्र मिळालेली नाही.

एका कार्यशाळेत मी मुलांना घरून एकेक वस्तू आणायला सांगितली होती. बीडकडचा एक मुलगा ऊसतोडीचा कोयता घेऊन आला. पहिल्या दिवशी त्यानं कोयत्याला कागदाचे दोन डोळे चिकटवले होते, आणि कोयता बोलत होता: "मी आहे कोयता, मला फार राबवतात." बोलणं चांगलं होतं, पण समोर कोयता दिसत नव्हता. मी म्हटलं, डोळे काढ. आणि आता तू बोलू नकोस, कोयत्यालाही बोलू देऊ नकोस. फक्त तो टेबलावर ठेव, आणि शेजारी काय ठेवावंसं वाटतं ते सांग.

तो दोन दिवस काहीच करू शकला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं आईच्या काचेच्या दोन बांगड्या आणल्या. चौथ्या दिवशी शाळेची एक पाटी.

पाचव्या दिवशी त्यानं सात मिनिटांचा खेळ केला. टेबलाच्या एका टोकाला पाटी. तिच्याजवळ बांगड्या आणि कोयता. तो एवढंच म्हणाला, "आमच्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम वहीत तसंच लिहितो. एकटा माणूस असला तर अर्धा कोयता." मग त्यानं पाटी तिथंच ठेवली आणि कोयता, बांगड्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडं सरकवायला लागला. मध्ये उसाची कांडी मांडलेली होती. एक कांडं तोडायचं, बांगड्या एक बोट पुढं सरकवायच्या. पुन्हा एक कांडं. कोयत्याचा आवाज खरा होता, लाकडावर पडणाऱ्या पात्याचा. पाटी लांब लांब जात होती. टेबलाच्या टोकाला पोचेपर्यंत एक बांगडी पिचली. ते त्यानं ठरवलेलं नव्हतं. त्यानं पिचलेली बांगडी उचलून कोयत्याच्या मुठीशी ठेवली आणि उरलेली एक घेऊन पुढचं कांडं तोडलं.

त्या खोलीत बसलेल्या कुणालाही अर्धा कोयता म्हणजे काय ते पुन्हा समजवावं लागलं नाही. स्थलांतर, उचल, मुलांची शाळा या विषयांवर याच विभागात आधी एक दीर्घांक झाला होता. त्यात बारा नट होते आणि सगळे खूप जोरात बोलत होते. त्या मुलांच्या मेहनतीचा मला आदर आहे. पण या मुलाला जे सापडलं ते हातात वस्तू घेऊन पाच दिवस बसल्याशिवाय सापडलं नसतं. दोन दिवसांच्या कार्यशाळेत तो डोळे लावलेल्या कोयत्यापाशीच थांबला असता आणि आम्ही त्याला प्रमाणपत्र दिलं असतं. सलग वेळ मागते आहे तो यासाठी.

बाहुली घडवण्याला वेळ लागतो तो आणखी वेगळा. कागदाचा लगदा भिजवायचा, कुटायचा, पिळायचा, खळीत मळायचा, कीड लागू नये म्हणून त्यात मेथीची पूड घालायची. साच्यावर थर द्यायचा. एक थर वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही. उन्हाळ्यात दोन दिवस, पावसाळ्यात आठवडाभर, आणि कोकणात जुलैमध्ये तर लगद्याला बुरशीच धरते. म्हणून विनंती अशी की हा विषय पहिल्या सत्रात ठेवलात तर सुरुवात कागद, वस्तू आणि फोमपासून करा, लगदा दिवाळीनंतर. या गोष्टी लहान वाटतील, पण वेळापत्रक आखणाऱ्यांनी त्या विचारात घेतल्या नाहीत तर मुलं ओल्या बाहुल्या रंगवतात आणि आठ दिवसांत रंग पोपडे धरून सुटतो.

मग सांधे. गुडघ्याला कापडी बिजागरी लावली तर पाय पुढंही वळतो आणि मागंही, आणि बाहुली चालताना बगळ्यासारखी दिसते. ती फक्त मागं वळावी यासाठी लाकडाला कुठं तासायचं, हे मूल स्वतः एक पाय बिघडवल्याशिवाय शिकत नाही. पायात वजन किती घालायचं? माझी मुलं लोखंडी वॉशर घालतात, एक घातला तर पाऊल उडतं, तीन घातले तर घसटतं, दोन घातले तर नीट पडतं. दोऱ्याला साधी शिलाईची रीळ चालत नाही, ताणते. मासेमारीची तंगूस बरी, पण ती उजेडात चमकते, मग तिच्यावर काळा मार्कर फिरवायचा. डोक्याचा दोरा कानाच्या दोन सूत, म्हणजे पाव इंच, मागं बांधला तर बाहुली जमिनीकडं बघते, खिन्न दिसते. दोन सूत पुढं घेतला तर हनुवटी उचलते आणि गर्विष्ठ दिसते. माणसाचा स्वभाव दोन सुतांत बदलतो हे ज्या नटानं आपल्या हातानं बघितलं, तो स्वतःच्या मानेविषयी पुन्हा कधी बेफिकीर राहत नाही.

यावरून एका आक्षेपाचं उत्तर देते, कारण तो मला जवळजवळ प्रत्येक विभागात ऐकू आला आहे. "आमच्या मुलांना नट व्हायचंय, मालिकांत, सिनेमात जायचंय, त्यांना बाहुली कशाला? ते बालनाट्यवाल्यांचं काम." बालनाट्य करणाऱ्यांविषयी या वाक्यात जो भाव आहे तो मला दुखावतो, पण ते बाजूला ठेवते. नटाला शिकवायची सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे लक्ष स्वतःवरून काढून समोर ठेवणं. आपण त्यासाठी किती तरी खेळ आणि सराव घेतो. बाहुली ते काम पहिल्याच तासात करते, कारण चालवणाऱ्यानं स्वतःकडं लक्ष वेधलं की ती मरते. तिघांनी एक बाहुली चालवली की समूहाचं भान शब्दांशिवाय येतं. एक हालचाल संपल्याशिवाय दुसरी सुरू करायची नाही, ही शिस्त अंगात मुरते. माझ्याकडं शिकलेली बरीच मुलं आज बाहुल्या करत नाहीत, अभिनय करतात, आणि त्यांच्या अभिनयात ही शिस्त मला दिसते.

आणि ज्यांना बाहुल्याच करायच्या आहेत त्यांना काम नाही असंही नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठरवले आहेत, सुतार, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांबरोबर घालवायचे. ते घ्यायला गावोगाव माणसं लागणार आहेत. बाहुलीकार मीना नाईक यांनी बाहुल्यांच्या आधारानं मुलांच्या लैंगिक शोषणासारख्या विषयावर मुलांशी संवाद साधला. जे माणसाच्या तोंडून ऐकायला मूल घाबरतं ते बाहुलीकडून ऐकतं, हे त्या कामानं दाखवून दिलं. रामदास पाध्ये यांच्या घरात बोलक्या बाहुल्यांची कला पिढ्यांमधून चालत आली, आणि वडिलांच्या हातातला अर्धवटराव त्यांनी मराठी घराघरांत नेला. ही सगळी हातानं शिकलेली माणसं आहेत. आपल्याकडं शिकायचं ठिकाण घर हेच होतं. ज्याच्या घरात बाहुली नाही त्यानं कुठं जायचं, याचं उत्तर विद्यापीठानं द्यायला हवं. प्रागच्या नाट्य अकादमीनं ते १९५२ मध्ये दिलं, बाहुलीनाट्याचा स्वतंत्र विभाग काढून. फ्रान्समधल्या शार्लव्हिलच्या शाळेनं १९८७ मध्ये दिलं.

आता पिंगुळीविषयी, आणि हे लिहिताना मला जपून लिहावं लागणार आहे.

सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या या गावात ठाकर समाजानं तीन कला एका अंगणात जपल्या: चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगणं), कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या. सावंतवाडी संस्थानचा त्यांना आश्रय होता, तो गेल्यावर पिढ्यान् पिढ्या हालात काढून त्यांनी त्या सोडल्या नाहीत. परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्याच्या जागेत या कलांचं संग्रहालय उभं केलं, २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या नाट्यविभागांच्या अभ्यासपत्रिकांत पिंगुळीचं नाव असतं. पण पिंगुळीचे कलाकार किती विभागांत शिक्षक म्हणून उभे राहिले आहेत?

एका ठिकाणी मी डोळ्यांनी पाहिलं ते सांगते. विभाग कुठला हे सांगणार नाही, कारण अशी ठिकाणं बरीच आहेत. एका पारंपरिक कलाकाराला खेळासाठी बोलावलं होतं. वयस्क गृहस्थ. रात्रभर एसटीनं प्रवास करून, पेटी डोक्यावर घेऊन आले. त्यांना वीस मिनिटं दिली. खेळ झाला, शाल-श्रीफळ झालं, मुलांनी फोटो काढले. ते पेटी आवरत असताना दोन मुलं जवळ गेली आणि बाहुली हातात घेऊन बघू का म्हणून विचारलं. आजोबांचा चेहरा उजळला. त्यांनी दोरे सोडवून मुलाच्या बोटांत अडकवायला सुरुवात केली. तेवढ्यात पुढच्या सत्राची वेळ झाली म्हणून मुलांना आत बोलावलं गेलं. पुढचं सत्र होतं 'लोककलांचं जतन' या विषयावरचं व्याख्यान. आजोबांनी दोरे पुन्हा गुंडाळले. मी त्यांच्याबरोबर स्टँडपर्यंत गेले. ते कुणाविषयीही वाकडं बोलले नाहीत. एवढंच म्हणाले की पोराची बोटं चांगली होती.

त्या मुलाच्या बोटांना ते दोरे मिळायला हवे होते. यासाठी वाट मोकळी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस', म्हणजे त्या त्या क्षेत्रातल्या अनुभवी जाणकाराला शिक्षक म्हणून नेमणं, ही तरतूद केली, तिथं औपचारिक पदवीची अट नाही. २०२३ मध्ये कलाकार आणि कारागिरांना उच्चशिक्षण संस्थांमध्ये निवासी कलाकार म्हणून नेमण्याच्या मार्गदर्शक सूचना आल्या. तेव्हा नियम आड येतात असं आता म्हणता येणार नाही. सत्रातले किमान चार आठवडे पिंगुळीच्या कलाकारांना शिक्षक म्हणून बोलवा, प्राध्यापकाला देता तेवढं मानधन द्या, राहायची नीट सोय करा. आणि त्याहून चांगलं म्हणजे मुलांना पंधरा दिवस पिंगुळीला पाठवा. पांढऱ्या पडद्यामागं दिवा ठेवून चामड्याची बाहुली पडद्याला टेकवली की रेघ न् रेघ ठसठशीत दिसते, आणि दिव्याकडं ओढली की ती मोठी होत होत विरघळते. रावण असा वाढताना मुलांनी पडद्याच्या दोन्ही बाजूंनी बघावा.

मराठी रंगभूमीचा इतिहास आपण विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या सांगलीतल्या 'सीतास्वयंवरा'पासून मोजतो आणि दर ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा करतो. हेच भावे स्वतः लाकडी बाहुल्या घडवत. त्या बाहुल्या पुढं रामदास पाध्ये यांनी दुरुस्त करून पुन्हा मंचावर आणल्या. नाटकाच्या मुलांना भाव्यांची ही बाजू एका ओळीत सांगून आपण पुढं जातो. एक मोडका सांधा त्यांच्या हातात दिला तर ती ओळ त्यांच्या लक्षात राहील.

जागा आणि पैसा यांचा प्रश्न तुमच्यापुढं येईल. पंधरा मुलांच्या सामानाचा खर्च एका एकांकिकेच्या नेपथ्यापेक्षा कमी येतो. रद्दी, मलमल, फोम, बांबू, पांगाऱ्यासारखं हलकं लाकूड, करवत, कानस, एक ड्रिल. खरी गरज खोलीची आहे. मोठी नको, पण अशी हवी की संध्याकाळी आवरून रिकामी करावी लागणार नाही. अर्धवट बाहुली टेबलावर राहिली पाहिजे, कारण मूल सकाळी आलं की तिच्याकडं बघतं आणि काल न दिसलेली चूक आज दिसते. कुलुपाचं एक कपाट हवं. आणि एका तुकडीत पंधराहून जास्त मुलं नकोत. साठ मुलांच्या कार्यशाळा मी घेतल्या आहेत, यापुढं घेणार नाही, कारण त्यांतली पंचेचाळीस फक्त बघतात.

परीक्षेबद्दल माझा आग्रह आहे. 'बाहुलीनाट्याचे प्रकार सांगून त्यांचे महत्त्व विशद करा' हा प्रश्न काढून टाका. त्याऐवजी मुलाला दोन दोरे तुटलेली, एक सांधा निखळलेली बाहुली द्या आणि चाळीस मिनिटं द्या. ती चालली पाहिजे. त्यानंतर सात मिनिटांचा स्वतःचा खेळ, एका वस्तूचा किंवा एका बाहुलीचा. आणि सत्रभर लिहिलेली वही, जिच्यात काय बिघडलं आणि ते कसं सुधारलं याच्या नोंदी असतील. इतिहास, प्रकार, परंपरा हे सगळं वहीत येईलच, कारण गुडघा करताना मूल विचारतंच की बाकीचे लोक हा कसा करतात. कठपुतळीला पाय का नाहीत, घागरा का असतो, हे त्यानं स्वतः पायाशी झगडल्यावर विचारलं तर त्याला उत्तर ऐकायची भूक असते.

मंडळाची बैठक ठरवाल तेव्हा विषयपत्रिकेवर हा विषय येण्यापूर्वी मला तीन तास द्यावेत ही विनंती. मानधन, प्रवासखर्च काही नको. कुठल्याही शहरात येईन, पंधरा जणांपुरता खाकी कागद आणि सुतळी माझी मी आणेन. भाषण करणार नाही. एक मोठं टेबल लागेल, आणि सदस्यांनी बाह्या दुमडून बसायची तयारी लागेल. प्रत्येकानं घरून एक वस्तू आणावी, वापरातून गेलेली पण टाकून देववत नाही अशी.

उत्तराची वाट पाहते.

आपली विश्वासू,
एक बाहुलीकार